समुद्राला नोटीस

२ फेब्रुवारी, सोमवार

बायकोचा आवाज पार बसला. तीन महिने बसतच होता, पण आज घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नाकातून नळी घालून आत पाहिलं. स्वरयंत्रावर गाठी आहेत. साध्याच, घाबरण्यासारखं काही नाही. प्राथमिक शाळेच्या वर्गावर वीस वर्षं ओरडलं की आणखी काय होणार? आता महिनाभर अवाक्षर काढायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं म्हणे घशावर जास्तच ताण पडतो. गाठी विरल्या तर ठीक. नाहीतर ऑपरेशन, आणि त्यानंतर पूर्वीचा आवाज परत येईलच असं बाई छातीठोकपणे सांगायला तयार नाहीत.

शेवटी म्हणाल्या, हिला शहराबाहेर समुद्रकाठी कुठेतरी आठ-दहा दिवस ठेवा, शांत जागी, जिथे हिला कुणी प्रश्न विचारणार नाही. हे बोलताना त्या माझ्याकडे रोखून बघत होत्या. मी पालिकेच्या ध्वनी विभागात आहे हे केसपेपरवर वाचलं असावं. बांधकामं, कारखाने, हॉल, लाउडस्पीकर, कुठेही जाऊन मीटर लावायचं आणि आवाज मर्यादेबाहेर निघाला की नोटीस ठोकायची, हे माझं काम. शांतता शोधायला माझ्याइतका लायक माणूस या शहरात नाही. बाईंना तसं सविस्तर सांगितलं. बाहेर पेशंट ताटकळले होते. ताटकळू देत.

एक गोष्ट फक्त इथेच लिहितो. स्वयंपाकघरातून 'अहो' ऐकू येत नाही, तर घर घरासारखं वाटत नाही. तिला सांगितलं नाही. सांगितलं तर ती उत्तर द्यायला जाईल.

३ फेब्रुवारी

हिच्याशी बोलण्याची पद्धत ठरवली. चमच्यानं एकदा टकटक म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. मी प्रश्नच असे विचारायचे की हो-नाहीत काम भागेल. सवय व्हावी म्हणून आज शंभरेक विचारले. शेवटी शेवटी तिनं चमचा ड्रॉवरमध्ये ठेवून दिला आणि ड्रॉवर जरा जोरात लावला. ड्रॉवरच्या आवाजाला कोणतं उत्तर समजायचं हे ठरलेलं नाही. उद्या ठरवू.

संध्याकाळी मेव्हणी आणि साडू. साडूच्या कुठल्याशा मित्राचं समुद्रकाठी घर आहे, दोन तासांवर, कायम रिकामं. तिथे राखणीला एक म्हातारी असते, ती कुणाशी बोलत नाही. साडू म्हणाला की मेव्हणी सोबतीला जाईल, भावजींनी उगाच रजा घालवू नये.

साडू टाइल्स विकतो. बाथरूमच्या. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. त्या घराचं रिडिंग घेतलंय का, असं विचारलं तर हसायला लागला. रिडिंग न घेता माझी बायको कुठेही जाणार नाही, असं ठणकावून सांगितलं. तेवढ्यात हिनं टेबलावर बोटानं टकटक केलं. दोनदा. साडूच्या घराला नाही म्हणाली! त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मेव्हणी म्हणाली, ती भावजींना नाही म्हणतेय. मेव्हणीला पद्धत कुठे ठाऊक आहे?

७ फेब्रुवारी, शनिवार

ऑफिसचं मीटर घरी आणलं. कुणाला विचारलं नाही. सुट्टीच्या दिवशी ते कपाटात पडून असतं आणि पडून राहिलं की मशीन बिघडतं.

प्लॅन पक्का. दर रविवारी समुद्राकडची एक जागा. जाताना निसर्गरम्य रस्ता, म्हणजे हिचं मनही रमेल. जी जागा मापात बसेल तिथे दहा दिवसांचं बुकिंग. फार तर दोन रविवार लागतील.

८ फेब्रुवारी, रविवार

दीपगृहाचा रस्ता. सकाळीच निघालो. एका बाजूला समुद्र, एका बाजूला सुरूची झाडं, मध्ये आमची छोटी गाडी. हिला मान वळवून बघायचे कष्ट नकोत म्हणून जे जे दिसेल ते मीच सांगत गेलो. होड्या. बगळे. भरती-ओहोटीची कारणं. काच खाली असल्यानं वाऱ्यावर आवाज चढवून बोलावं लागत होतं. हिनं स्कार्फ कानांवरून घेतला, मग आणखी एक वेढा दिला. वारा झोंबत असावा. नंतर डोळे मिटले. रस्ता निसर्गरम्य असला की माणसाला अशी गुंगी येतेच.

दीपगृहाखालचा किनारा. चिटपाखरू नाही. मीटर उघडलं, बत्तीस डेसिबल! मी आनंदानं रिडिंग वाचलं. आमच्या खात्याची पद्धत अशी की एकानं रिडिंग मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं लिहून घ्यायचं, म्हणजे रस्त्याच्या गोंगाटातही लिहिणाऱ्याला नीट ऐकू जातं. रविवारी माझा कारकून येत नाही. म्हणून वाचणारा मी आणि लिहिणाराही मीच. पद्धत मोडायची नाही. तर मी जागेचं वर्णन, वाऱ्याची दिशा आणि आकडा खणखणीत वाचून दाखवला आणि पुन्हा बघतो तर शहाऐंशी!

आजूबाजूला पाहिलं. कुणी नाही. थांबलो. काटा उतरला. पुन्हा वाचायला घेतलं. पुन्हा वर. असं चार वेळा. म्हणजे मी माप घ्यायला लागलो की आवाज वाढतो. हा अनुभव नोकरीतही आहे, आपण आलो की कारखानेवाल्यांना बरोबर सुगावा लागतो. पण इथे सुगावा लागायला कोण आहे?

हिनं माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. स्वतःचं पथ्य किती कसोशीनं पाळते. म्हटलं, शाबास.

जागा नापास.

१० फेब्रुवारी

ऑफिसात विचार केला. दीपगृहात काहीतरी यंत्रणा असणार. कारकुनाला सांगितलं तर म्हणाला, साहेब, तुम्ही वाचताना मीटर हातातच धरता का? म्हटलं, मग काय डोक्यावर ठेवू? आजकालच्या पोरांना मूळ मुद्दा सोडून फाटे फोडायची सवय.

१५ फेब्रुवारी, रविवार

खाडी. फेरीबोटीतून गाडी पलीकडे नेली, मग टेकडीला वळसा घालून वाळूपर्यंत उतरणारा रस्ता. असा रस्ता असताना लोक शहरात का राहतात, असं हिला विचारलं. दोन-तीनदा विचारलं. डॅशबोर्डवर एकही टकटक नाही. हा हो-नाहीचा प्रश्न नव्हता हे नंतर ध्यानात आलं. चूक माझी. मग तोच प्रश्न हो-नाहीत बसवून पुन्हा विचारला.

अगदी पाण्यालगत एक गेस्ट हाउस. चार खोल्या, पांढऱ्या भिंती, खिडकीत खुर्ची. हिला खोली आवडली. खुर्चीत बसली ती उठेना, समुद्राकडे बघत राहिली. मलाही आवडली. पण आवडणं वेगळं आणि माप वेगळं. या वेळी मी दातांवर दात घट्ट ठेवून तोंडातून ब्र न काढता मीटर खिडकीत ठेवलं, कारण मालक शेजारी होता आणि त्याला सुगावा लागू द्यायचा नव्हता. अडुसष्ट! शांत जागेची मर्यादा पन्नास.

मालकाला जाब विचारला. म्हणाला, साहेब, हा समुद्राचा आवाज आहे. मी म्हटलं, प्रत्येक कारखानेवाला हेच सांगतो, आवाज आमचा नाही, शेजारच्याचा आहे. तो म्हणाला की भरती आहे, दुपारनंतर कमी होईल. तसं लेखी द्या म्हटलं. देईना. मग माझाही नाइलाज झाला. पिशवीत कोऱ्या नोटिसा असतातच. 'आवाजाचा उगम' या रकान्यात समुद्र लिहिलं. 'आवाज बंद करण्याची मुदत' पंधरा दिवस. समुद्र काय सरकारचा जावई आहे? कायदा सगळ्यांना सारखा.

हे सगळं होईपर्यंत ही किनाऱ्यानं चालत खूप लांब गेली होती आणि एका खडकावर पाठमोरी बसली होती. बरं वाटतंय ना, असं इथूनच ओरडून विचारलं. ऐकू गेलं नाही म्हणून आणखी मोठ्यानं. मालकाची कुत्री भुंकायला लागली. तिनं मागे न बघताच हात वर करून दोन बोटं दाखवली. विजयाची खूण! इतकी खुशीत मी तिला कित्येक दिवसांत पाहिली नव्हती.

जागा नापास. वाईट वाटलं.

१७ फेब्रुवारी

गेस्ट हाउसवाला लबाड निघाला. नोटीस घेऊन थेट आमच्या मोठ्या साहेबांकडे. साहेबांनी बोलावून विचारलं की दोन तासांवरचं गाव आपल्या हद्दीत कधीपासून आलं, आणि समुद्र तरी कधीपासून आला. सगळे खाली मान घालून हसत होते. मी म्हटलं, आवाजाला हद्द नसते साहेब. हे वाक्य मला तिथल्या तिथे सुचलं. साहेबांना 'कारणे दाखवा' नोटीस सुचली.

मीटर ताबडतोब जमा करा म्हणाले. करीन. रविवारनंतर.

खुलासा लिहायला घेतला आहे. सात पानं झाली. हिला वाचून दाखवला. चौथ्या पानाला ती उठून गच्चीवर गेली. मीही गेलो. पाचवं पान गच्चीवर वाचलं.

१९ फेब्रुवारी

मधली तपासणी. गाठी तशाच. उलट सूज वाढली. डॉक्टरीणबाईंनी हिला विचारलं, बोलता का? हिनं गळ्याला हात लावून शपथ घेतली. मीही साक्ष दिली, सतरा दिवसांत एक शब्द नाही, सारखा मी सोबत असतो. सारखे? बाईंनी मला विचारलं. सारखा, मी अभिमानानं म्हणालो.

मग बाई म्हणाल्या की माणूस उत्तर देता देता थांबला, तरी घशाचे स्नायू आवळले जातात. गिळलेल्या उत्तराचाही त्रास होतो. दिवसाला साधारण किती उत्तरं गिळता, असं त्यांनी हिला विचारलं. हिनं दोन्ही हातांची बोटं दाखवली. मिटली. पुन्हा दाखवली. अशी दाखवतच राहिली. हे काय शास्त्र झालं? मोजमाप नाही, यंत्र नाही, नुसती बोटं! मी बाईंना तसं सांगितलं. त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं. सगळ्या डॉक्टरांना आपल्यापेक्षा जास्त कळणाऱ्या माणसाची अडचण होते.

बाहेर बसल्यावर मात्र भीती वाटली. ऑपरेशन झालं आणि वेगळाच आवाज घेऊन ती घरी आली तर? दुसऱ्याच बाईचा 'अहो' ऐकून मी वळायचं कसं?

आता ढिलाई नाही. रविवारी कड्यावरचा रस्ता. सगळ्यात लांब, सगळ्यात सुंदर.

२२ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळ

अर्धं शहर आज त्याच रस्त्यावर. सगळे म्हणे शांततेसाठी निघालेले. खाली निळाशार समुद्र आणि वर गाड्यांची ही रांग. पुढचा हॉर्न, मागचा हॉर्न. मी एकेकाच्या काचेवर थाप मारून हॉर्न बंद करायला सांगून आलो. एक जण ऐकेना, तेव्हा आपल्या गाडीत येऊन त्याच्यासाठी दमदार हॉर्न वाजवला. काट्यानंच काटा काढावा लागतो. मागच्यांनी त्याचा उलटा अर्थ घेतला आणि सगळेच सुरू झाले.

गाडी तसूभर हलत नव्हती. वेळ सत्कारणी लागावा म्हणून मी हिला खुलाशाचं नवं पान तोंडपाठ म्हणून दाखवलं, मग हे कडे कसे तयार होतात ते समजावलं. लाव्हारसापासून सुरुवात केली. बराच पुढे आलो होतो. रस्ता सुटला, गिअर टाकायला हात घातला आणि बाजूला बघतो तर सीट रिकामी.

गाडी तशीच सोडून पळत मागे गेलो, पुढे गेलो, कठड्यावरून खालीसुद्धा वाकून पाहिलं. तिचं नाव घेऊन ओरडलो. मग फोनवर मेसेज दिसला. शेजारी अडकलेल्या बसमध्ये ती चढली होती आणि बस दुसऱ्या फाट्यानं शहराकडे वळली होती. 'मी घरी जाते. तुम्ही सावकाश या.'

सावकाश या! एवढ्या गर्दीत, एवढ्या उकाड्यात, स्वतः बसनं धक्के खात जाताना तिला माझ्या ड्रायव्हिंगची काळजी. अशी बायको मिळायला भाग्य लागतं.

मीटर गाडीच्या टपावर ठेवलं होतं ते धावपळीत खाली पडलं. काच फुटली, काटा चालतोय.

२४ फेब्रुवारी

हिला पाठवलं. होय, मी पाठवलं. बॅग तिनं भरली, घर साडूच्या मित्राचं, गाडी साडूची, सोबत मेव्हणी. पण दोन्ही वेळा दार मीच उघडलं, घराचंही आणि गाडीचंही. मी येतो म्हटलं तर तिनं फोनवर टाइप करून दाखवलं, 'तुमची रजा वाया जायला नको.'

सूचना दिल्या. दिवसभरात काय करायचं, वाऱ्याकडे तोंड करायचं नाही, म्हातारीनं काही विचारलं तर काय करायचं. गाडीच्या खिडकीशी उभं राहून सांगत होतो तर साडूनं बटण दाबून काच वर केली. असले लोक. माझं बोलणं पूर्ण व्हायचंच होतं, म्हणून कोपऱ्यापर्यंत गाडीबरोबर गेलो.

ती वळून बघत होती. डोळ्यांत पाणी होतं असं वाटलं. काचेला काळी फिल्म आहे, नक्की सांगता येत नाही. माझ्या डोळ्यांत होतं.

तिथे फोन करायचा नाही असं बाईंनी आणि मेव्हणीनं परस्पर ठरवलं आहे. कुणाचाच नाही. म्हणजे माझाच.

२७ फेब्रुवारी

मीटर जमा करायच्या आधी सहज घराचं माप घेतलं. हॉल, स्वयंपाकघर, गॅलरी. पंचवीस! इतकी शांत जागा मला अख्ख्या किनाऱ्यावर सापडली नव्हती. नियमाप्रमाणे घर, जागा, वेळ मोठ्यानं वाचली. काटा थेट पंच्याऐंशी. वरच्या मजल्यावरचा माणूस! तसाच जिना चढलो, फैलावर घ्यायला. दाराला कुलूप. शेजारच्या काकू म्हणाल्या, ते महिनाभर गावाला गेले आहेत. कुलूपबंद घरातून एवढा आवाज! सोडणार नाही. परत आल्याबरोबर नोटीस.

खाली येऊन बसलो. पंचवीस. आकडा उत्तम आहे. करमत मात्र नाही. रेडिओ लावला.

२ मार्च

मीटर जमा. फुटलेल्या काचेबद्दल वेगळा खुलासा मागितला आहे. देऊ. आपण भीत नाही.

हिची खुशाली साडूच्या मेसेजवरून कळते. 'खाते, झोपते, फिरते.' बस, तीन शब्द. टाइल्सवाल्याकडून आणखी काय अपेक्षा करणार? घर रस्त्यापासून आत आहे, समुद्र दिसतो पण आवाज येत नाही, असंही कळलं. मीही शेवटी अशीच जागा निवडली असती.

६ मार्च, शुक्रवार

गाठी विरल्या! मेव्हणीनं तिला तिकडूनच दवाखान्यात आणलं आणि परत नेलं. नळी घालून पाहिलं, स्वच्छ. ऑपरेशन टळलं. मेसेज वाचून मी ऑफिसात उभाच राहिलो. मोठ्या साहेबांना जाऊन सांगितलं. तेसुद्धा पहिल्यांदाच माझ्याशी नीट बोलले. गिळलेली उत्तरं वगैरे बाईंचं सगळं थोतांड निघालं. खरं काम केलं ते मी पहिल्या आठवड्यांत लावलेल्या शिस्तीनं.

अजून सांभाळायचं आहे. बोलायला परवानगी दिवसातून फक्त पाच मिनिटं, तीही रविवारपासून. आणि पहिली पाच मिनिटं हिनं कुणासाठी ठेवली आहेत? माझ्यासाठी! सख्ख्या बहिणीसाठी नाही, आईसाठी नाही. रविवारी पाच वाजता ती मला फोन करणार. तोवर तिकडे कुणाशी एक शब्द नाही. साडूला हे स्वतः मेसेजमध्ये लिहावं लागलं. लिहिताना हात जड झाला असेल.

ठरवलं. मी एक शब्द बोलणार नाही. फक्त ऐकणार. पाच मिनिटं जशीच्या तशी तिची.

ऐकायच्या आधी तिला सांगायच्या चार गोष्टी काढून ठेवल्या आहेत. अगदी थोडक्यात.

८ मार्च, रविवार, दुपार

आंघोळ केली. इस्त्रीचा शर्ट. रेडिओ बंद, पंखा बंद, खिडक्या बंद. फोन चार्ज. घरात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी व्यवस्था.

८ मार्च, संध्याकाळ

फोन पाचच्या ठोक्याला आला. वेळेची पक्की आहे. तिला 'हॅलो'साठी घसा ताणावा लागू नये म्हणून हॅलो मीच म्हटलं. मग तिनं घाई करू नये, आधी खोल श्वास घ्यावा, पहिला शब्द हलका काढावा, जोर पोटातून द्यावा, हे सांगणं भाग होतं. चुकून गाठी परत आल्या तर? आवाज कसा आहे विचारलं, आणि लगेच उत्तर देऊ नको म्हटलं, कारण लगेच उत्तर देणंच वाईट. ती सावरेपर्यंत तिला विरंगुळा म्हणून वरच्या कुलपाची हकीकत सांगितली. ती सांगितली म्हणून मीटरची सांगावी लागली, मीटरची सांगितली म्हणून साहेबांची. घर फार शांत आहे, पंचवीस आहे, मला इथे राहवत नाही, लवकर ये, हेही सांगितलं. हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. बरं वाटलं. मध्येच पलीकडून बारीक काहीतरी ऐकू आल्यासारखं वाटलं. श्वास असेल. लाट असेल. म्हटलं, आता बोल, मी ऐकतोय, अगदी निवांत बोल, घाई नाही.

फोन बंद झाला होता.

मेव्हणीचा मेसेज आला. पाच मिनिटं झाली, डॉक्टरांची ताकीद आहे म्हणून तिनंच आत येऊन हातातून फोन काढून घेतला. उद्याची पाच मिनिटं आईसाठी. परवाची मुख्याध्यापिकेसाठी.

मी बराच वेळ फोन कानालाच धरून बसलो.

नंतर साडूचा फोन. पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती. म्हणाला, तिला मोकळेपणानं बोलता यावं म्हणून आम्ही सगळे अंगणात जाऊन थांबलो होतो, आमच्यापैकी कुणीच अजून ऐकला नाही, माझ्या बायकोला तर धीर निघत नाही, तेव्हा भावजी, तुम्हीच सांगा, कसा वाटला आवाज?

उत्तम, मी म्हणालो. अगदी पूर्वीसारखा.